कोपऱ्यापासून वीतभर

दुपारी साडेतीन वाजता धाकटा गिलाव्याच्या परीक्षेत नापास झाला. त्याच शेडमध्ये, शेजारच्या खणात, थोरला पास झाला.

शेड प्रशिक्षण केंद्राची, पत्र्याची. आत ओळीने विटांचे खण बांधलेले होते. प्रत्येक खणात दोन भिंती आणि त्या जिथे मिळतात तो कोपरा. दोन खणांच्या मध्ये प्लायवूडचा आडोसा. उमेदवाराने एकट्याने दोन्ही भिंतींना गिलावा करायचा, कोपरा ओळंब्यात, अगदी सरळ उभा आणायचा आणि बाहेर येऊन उभं राहायचं. परीक्षकांनी थोरल्याच्या कोपऱ्यात पट्टी लावली, वरून खाली फिरवली आणि ते पुढे गेले. धाकट्याच्या खणात त्यांनी आधी डाव्या भिंतीवरून तळहात फिरवला. भिंत इतकी सपाट होती की ते मागे सरून तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. कोपऱ्यापासून वीतभर अलीकडे, वरपासून खालपर्यंत, एक उभा सांधा होता. आधीचा माल घट्ट आवळून गेल्यावर उरलेला पट्टा मागाहून भरलेला कळत होता. उजव्या भिंतीला तर लाटा आल्या होत्या.

"ही भिंत आणि ती भिंत एकाच माणसाची?" परीक्षकांनी विचारलं.

धाकटा हो म्हणाला.

"मग इथे थांबलास कशाला?"

धाकटा थापीवरचा माल पुसत राहिला. परीक्षकांनाही दिवसभरात बरेच खण बघायचे होते. ते पुढे गेले.

येत्या पहिल्या तारखेपासून कोणत्याही मोठ्या साइटवर या परीक्षेच्या कार्डाशिवाय कारागिराला आत सोडणार नव्हते. नापास झालेल्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता एकदा पुन्हा बसता येत होतं. ती संधी हुकली तर पुढची तुकडी सहा महिन्यांनी. तोवर मदतनीस म्हणून घमेली उचलायची, किंवा जिथे कार्ड विचारत नाहीत अशी बारकी कामं शोधायची. पास झालेल्यांपैकी थोरल्याची पर्यवेक्षकाच्या प्रशिक्षणासाठी आधीच निवड झाली होती. वर्ग दुसऱ्या शहरात, सोमवारपासून. त्याची बस उद्या सकाळी दहाची होती.

बाहेरच्या नळावर दोघांनी अवजारं धुतली. आपली धुऊन झाल्यावर थोरल्याने धाकट्याच्या थापीसाठी हात पुढे केला. धाकट्याने ती दिली नाही. घरी येताना दोघे बसमध्ये एकामागे एक बसले आणि दोघांनीही खिडकीबाहेर बघितलं.

*

घर त्यांचं स्वतःचं, त्यांनीच बांधलेलं. पुढची बाजू आरशासारखी गुळगुळीत आणि मागची बाजू उघड्या विटांची. आधी जमेल तेव्हा करू म्हणून राहिलेली, मग सवयीने राहिलेली. आई म्हणायची, पुढून बघाल तर गिलाव्याच्या मिस्त्रीचं घर, मागून बघाल तर वीटभट्टी.

निकाल घरात आधीच पोचला होता. मधलीने, दोघांच्या मधल्या बहिणीने, केंद्रात फोन करून विचारलं होतं. ती डिप्लोमा झालेली, एका उंच इमारतीच्या कामावर इंजिनिअर. सकाळपासून जिने चढून तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि साइटवरचे जड बूट काढायचंही तिला सुचलं नव्हतं. थोरली सून औषधांच्या दुकानातून अर्धी सुटी टाकून आली होती, कारण नवऱ्याची बॅग भरायची होती. बॅग पलंगावर उघडी होती. तिच्यात इस्त्रीचे दोन शर्ट होते. ते बघून आईला सकाळपासून चुकल्यासारखं वाटत होतं. या घरात पुरुषाच्या कामाच्या बॅगेत कधी इस्त्रीचा कपडा गेला नव्हता.

बाप खिडकीशी खुर्चीत बसला होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. घरातही, तो समोर नसताना, मिस्त्रीच म्हणत. मुलं आत आली तेव्हा त्याने निकालाबद्दल काही विचारलं नाही.

"परीक्षा म्हणे," तो म्हणाला. "आमच्या वेळी भिंतच परीक्षा घ्यायची. उभी राहिली तर पास."

मग त्याने सांगितलं की त्याने दुपारीच जुन्या ठेकेदाराशी बोलून ठेवलं आहे. शाळेची दुमजली इमारत, आतला-बाहेरचा सगळा गिलावा. तिथे कार्ड-बिर्ड कोणी बघत नाही. सोमवारपासून जोडी येईल असा शब्द त्याने दिला होता.

थोरली सून पाण्याचे पेले घेऊन येत होती. ती दारातच थांबली.

"कुठली जोडी, बाबा?"

"जोडी म्हणजे जोडी. या घरात दुसरी कुठली आहे?"

साइटवर थोरल्याला उजवा म्हणत आणि धाकट्याला डावा. कित्येक मुकादमांना त्यांची खरी नावं ठाऊक नव्हती. उजव्या हाताच्या कारागिराला एक अडचण असते: कोपरा उजवीकडे असला की त्याची बोटं शेजारच्या भिंतीवर आपटतात. डावखुऱ्याचं नेमकं उलटं. म्हणून एक डावा आणि एक उजवा असे दोघे कोपऱ्याच्या दोन बाजूंनी सुटले की काम पाण्यासारखं पळतं. पण डावखुरा कारागीर सहज मिळत नाही. मिस्त्रीचा स्वतःचा जोडीदार डावखुरा होता. तो भर कामात दुसऱ्या टोळीत गेला आणि मिस्त्री एक अख्खा हंगाम घरी बसला. ते त्याने कधी कोणाला माफ केलं नाही. थोरला उजवा निघाला. धाकटाही उजवाच होता, पण तो पहिल्यांदा साइटवर आला त्या दिवशी मिस्त्रीने थापी त्याच्या डाव्या हातात दिली आणि उजवा हात पाठीमागे धरायला सांगितलं. वर्षभर तो हात पाठीमागे राहिला. आता धाकटा जेवतो उजव्याने, सही करतो उजव्याने, पण थापी उजव्या हातात दिली तर ती त्याला नुसती लोखंडाची पट्टी वाटते.

जोडीचा एक कायदाही मिस्त्रीने घालून दिला होता. दोघांनी आपापल्या भिंतीवरून कोपऱ्याकडे यायचं. वीतभर राहिलं की डाव्याने थांबून बाजूला व्हायचं. कोपरा उजव्याने बंद करायचा. कोपऱ्याला दोन हात लागले की कोपरा वाकडा होतो, असं मिस्त्रीचं म्हणणं होतं. वीस वर्षं दोघांनी ते पाळलं. धाकट्याने आयुष्यात किती भिंती केल्या याची गणती नाही. कोपरा त्याने एकही केला नव्हता.

थोरल्या सुनेने पेले टेबलावर ठेवले आणि शांतपणे विचारलं, की शब्द देण्याआधी ज्याला जायचं आहे त्याला विचारलं होतं का. मिस्त्री म्हणाला, बापाने मुलांना विचारून शब्द द्यायची पद्धत या घरात अजून आलेली नाही. सून म्हणाली की मग ती आजपासून आली असं समजा. हे ती आवाज न चढवता म्हणाली, त्यामुळे जास्त लागलं.

आई मध्ये पडली. तिने मिस्त्रीची बाजू घेतली. तिला वादात रस नव्हता. दोन्ही मुलं संध्याकाळी घरी येतात एवढं तिला हवं होतं. शाळेचं काम काही वाईट नाही, ती म्हणाली. एवढं झालं की मग बघू, प्रशिक्षण काय पळून जातंय.

"पळून जातं, आई," मधली म्हणाली. "सोमवारी हजर नाही झाला तर जागा दुसऱ्याला देतात. आणि दादाचा खांदा तू बघितलास का? त्याला वर हात करून पंख्याचं बटण लावता येत नाही. अजून दोन वर्षांनी तो ना उजवा राहील ना पर्यवेक्षक."

खांद्याची गोष्ट थोरल्याने बायकोशिवाय घरात कोणाला सांगितलेली नव्हती. त्याने बायकोकडे बघितलं. बायकोने मधलीकडे बघितलं. मधली बुटाची नाडी सोडायला वाकली.

मिस्त्रीने यावर थोडा विचार केला. "उजवीकडे मी उभा राहीन," तो म्हणाला.

"तुम्हाला परांचीवर चढवायला आधी क्रेन मागवावी लागेल," आई म्हणाली. "आणि उतरवायला अग्निशमनवाले."

कोणी हसलं नाही, पण खोलीतली हवा किंचित सैल झाली. आईने मिस्त्रीच्या बाजूने एवढाच वेळ काढला. यानंतर ती कोणाच्याच बाजूने नव्हती.

*

मधलीला वाटत होतं की उपाय साधा आहे आणि तो बोलून दाखवायचं काम नेहमीसारखं तिच्यावर आलं आहे. दहावी झाल्यावर तिलाही साइटवर जायचं होतं. परांची मुलींसाठी नसते, असं मिस्त्री म्हणाला होता, आणि त्या रागावर तिने डिप्लोमा केला. आता तो शेजाऱ्यांना सांगतो, आमची मधली भिंती तपासते. तिला मात्र त्याने एकदाही विचारलं नाही की ती नक्की काय तपासते.

तिने धाकट्यासमोर खुर्ची ओढली. केंद्रात सहा महिन्यांचा पायाभूत वर्ग असतो, ती म्हणाली. रोज सकाळी. विद्यावेतन मिळतं. पहिल्यापासून शिकवतात: माल कसा कालवायचा, दोन्ही बाजूंचे कोपरे, खिडकीच्या कडा, सगळं. शेवटी कार्ड नक्की.

"माल कसा कालवायचा," धाकटा म्हणाला.

"तेवढ्यावर नको जाऊस."

"ताई, त्या वर्गात अठरा वर्षांची पोरं असतात. मास्तर माझ्याहून लहान आहे. तो मला काका म्हणेल आणि विचारेल, काका, घमेलं कशाला म्हणतात."

"मग सांग त्याला."

"सांगीन की. पण त्यानंतर संध्याकाळी घरी येऊन कोणाच्या डोळ्यांत बघू?"

मधलीने त्याला समजावलं की यात कमीपणा काही नाही, तिच्या हाताखाली पन्नाशीचा एक सुतार आहे तोही नव्याने शिकायला गेला. धाकट्याने ते नीट ऐकून घेतलं. त्याने वाद घातला नाही. वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिच्या लक्षात आलं की ती त्याच्याशी साइटवरच्या माणसाशी बोलावं तशी बोलते आहे, आणि तिला दुसऱ्या तऱ्हेने बोलायची ताकद आज उरलेली नाही.

मग धाकटा म्हणाला, "दादाला जाऊ दे. माझं काय व्हायचं ते होईल. वहिनी बरोबर बोलतायत."

हे कोणाच्या अपेक्षेत नव्हतं. थोरल्या सुनेला या घरात पहिल्यांदाच दिराची साथ मिळाली होती आणि ती घ्यावी की नाही तिला कळेना. ती बॅगेकडे गेली आणि शर्टाची घडी उगाच पुन्हा घातली.

आणि तेव्हाच थोरला म्हणाला की तो जात नाही.

*

थोरली सून त्याला घेऊन मागच्या पडवीत गेली. तिथे दोरीवर कपडे वाळत होते आणि कोपऱ्यात अर्धं सिमेंटचं पोतं, थोडी चाळलेली वाळू, गेल्या महिन्यापासून तशीच. तिने विचारलं, हे आज कसं ठरलं. सकाळपर्यंत ठरलेलं वेगळं होतं. बापाच्या शब्दासाठी थांबत असाल तर तसं सांगा, ती म्हणाली, मी आता दुकानात परत जाते, माझी अर्धी सुटी तरी वाचेल.

थोरला म्हणाला, बापाच्या शब्दाचं काही नाही.

"मग?"

त्याला सांगायला वेळ लागला. तो बोलण्यात कधीच सराईत नव्हता. पर्यवेक्षकाच्या मुलाखतीलाही त्याने तीन वाक्यं घरून पाठ करून नेली होती.

"आडोशापलीकडून मला त्याची थापी ऐकू येत होती," तो म्हणाला. "एकसारखी. मग ती थांबली. मला लगेच कळलं, हा कोपऱ्यापाशी येऊन उभा राहिलाय. वीतभर सोडून. माझी वाट बघतोय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? आडोसा ठोकला असता तर दोघांना बाहेर काढलं असतं. नियम आहे. मी माझा कोपरा केला."

सुनेने दोरीवरचा एक टॉवेल काढून घडी केला. औषधांच्या दुकानात बसून तिला एक सवय लागली होती, दुखणं ऐकल्यावर आधी विचारायचं की कधीपासून. "हे परीक्षेत झालं म्हणून तुम्ही थांबताय," ती म्हणाली. "शाळेच्या कामावरही तो वीतभर सोडूनच उभा राहील. तेव्हाही तुम्हीच बंद करणार. पुढच्या कामावरही. तुमचा खांदा गेल्यावर कोण?"

बायको म्हणते ते थोरल्याला पटत होतं. पण त्याला जायचंही नव्हतं. त्या क्षणी दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि बायकोच्या ते लक्षात आलं. ती इतकी थकली होती की तिला त्याचा रागही आला नाही.

पडवीच्या दारात धाकटा उभा होता. किती वेळ, ते दोघांना कळलं नव्हतं.

"वहिनी, पाच मिनिटं," तो म्हणाला.

ती टॉवेल घेऊन आत गेली.

धाकटा पायरीवर बसला. थोरला उभाच राहिला. आत आई मधलीला सांगत होती की ती थोड्या वेळाने चहा टाकणार आहे. मधली म्हणत होती की आत्ताच टाक.

"तुला वाटतंय मी विसरलो," धाकटा म्हणाला. "एकटा आहे हे विसरलो आणि तुझी वाट बघत बसलो."

"मग काय झालं?"

"विसरलो नव्हतो. सकाळपासून स्वतःला बजावत होतो, आज कोपराही मलाच करायचाय. पण तुझी थापी येत होती ना. पलीकडून. तू तुझ्या कोपऱ्याकडे सरकत होतास, आवाज जवळ जवळ येत होता. मला काय माहीत कोणता कोपरा. अंगाला काय माहीत. तू आलास असं वाटलं आणि मी बाजूला झालो."

थोरल्याने दोरीवरचा शर्ट बाजूला सारला.

"बाजूला होऊन जागाही करून दिली," धाकटा म्हणाला, आणि त्याला हसू आलं. "बादली सरकवली. तुझा पाय अडकेल म्हणून."

आतून भांड्यांचा आवाज आला. थोरला हळूच पायरीवर त्याच्या शेजारी बसला, खांदा सांभाळत.

"म्हणजे मी शेजारी नसतो तर."

"माहीत नाही. तू कधी शेजारी नव्हतास असं झालंच नाही." धाकट्याने विटेच्या सांध्यातला जुना माल नखाने खरवडला. "उद्या नसशील. तर बघू."

*

चहा झाल्यावर ते दोघे मागच्या बाजूला गेले. न्हाणीघराची भिंत आणि घराची भिंत जिथे मिळतात तिथे एक उघडा कोपरा होता. थोरल्याने सिमेंट-वाळू कालवली, धाकट्याने भिंतीवर पाणी मारलं. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं, पण मधली मोकळ्या पायांनी येऊन उंबऱ्यात बसली आणि सून बॅग भरायची सोडून खिडकीत उभी राहिली.

धाकट्याने सवयीने डाव्या भिंतीच्या पार टोकाला जाऊन माल मारायला घेतला.

"तिथून नको," थोरला म्हणाला. "भिंतीवरून कोपऱ्याकडे येऊ नकोस. येत राहिलास की थांबशील. कोपऱ्यातून निघ."

"असं कोणी करत नाही."

"करू नये असा नियमही नाही. आधी कोपरा भर, दोन्हीकडे वीतभर, आणि मग बाहेरच्या बाजूला जा. कोपरा आधी झालेला असला की वाट बघायला तिथे काही उरणारच नाही."

धाकटा कोपऱ्यात गेला आणि त्याला उभं कुठे राहायचं ते कळेना. त्याच्या कामाच्या सगळ्या आयुष्यात ती जागा दुसऱ्याची होती. उजव्या भिंतीवर त्याची डावी बोटं आपटली आणि सोलवटली. थोरल्याने सांगितलं की आडवा हात मारू नकोस, उभा मार, खालून वर, आणि अंग तिरकं ठेव. पहिला कोपरा खाली गळून पडला. दुसरा टिकला, पण ओळंबा लावला तर मध्ये फुगलेला. त्यांनी तोही खरवडून काढला आणि तोच माल पुन्हा कालवला. आई मधूनच येऊन म्हणाली की भिंतीला एवढ्या वर्षांनी मुहूर्त लागला तर निदान पुसू तरी नका. मग ती मधलीशेजारी उंबऱ्यात टेकली.

लग्नानंतर काही वर्षं आईने मिस्त्रीच्या हाताखाली घमेली वाहिली होती. मान तेव्हापासून दुखते. ती मुलाचा हात बघत राहिली.

"मी कधी या दोघांत डावं-उजवं केलं नाही," ती मधलीला म्हणाली. "ते यांनी केलं."

मधलीने तिच्याकडे बघितलं. आईने आवाज खाली आणला नव्हता. मिस्त्री ऐकत असेल तर ऐको, असा तिचा सूर होता.

मिस्त्री ऐकत होता. पुढच्या खोलीतून मागचं काही दिसत नाही, पण थापीचा आवाज येतो, आणि आवाजावरून भिंत ओळखणं त्याला अवघड नव्हतं. हा डाव्याचा हात, आता थांबला, आता पुन्हा. कोपऱ्यात डाव्याचा हात त्याने कधी ऐकला नव्हता. त्याला तो चुकीचा वाटला. उठून सांगावं असं त्याला दोनदा वाटलं. काय सांगावं ते मात्र ठरेना, कारण त्याने जे शिकवलं होतं ते चुकीचं नव्हतं. वीस वर्षांत त्या जोडीचा एकही कोपरा पुन्हा करायची वेळ आली नव्हती. जोडी मोडली की जोडीचं शिक्षण वाया जातं, तेवढ्याने ते खोटं ठरत नाही. एका हाताने टाळी वाजत नाही, हे तो एकट्याने घरी बसून काढलेल्या हंगामात शिकला होता आणि ते अजूनही खरं होतं. मुलं ते खरं मानायला तयार नव्हती, एवढंच.

थोरली सून त्याच्यासमोर चहा ठेवून गेली. पेला रिकामा झाल्यावर तो स्वतः उठून स्वयंपाकघरात ठेवून आला. सुनेच्या ते लक्षात आलं आणि त्याचा अर्थ काय लावायचा हे तिला कळलं नाही.

उजेड गेला तेव्हा तिसरा कोपरा भिंतीवर होता. थोरल्याने ओळंबा लावला. वरच्या अर्ध्या भागात दोरी भिंतीला समांतर होती, खाली किंचित सुटत होती.

"पास करतील?" धाकट्याने मधलीला विचारलं.

मधली उठून जवळ गेली. तिने भिंतीवर हात ठेवला नाही; साइटवर ती ठेवते.

"मी केला असता," ती म्हणाली. "ते करतील की नाही, माहीत नाही."

"तू भाऊ म्हणून केला असतास."

"भाऊ म्हणून तर मी तुला पायाभूत वर्गात घालत होते."

धाकट्याने मान हलवली. त्याने बोटांवरचा माल पुसला. थोरल्याने विचारलं, सकाळी केंद्रापर्यंत येऊ का, बसला वेळ आहे. धाकटा नको म्हणाला. फाटकापर्यंतही नको.

*

सकाळी धाकटा सातला निघाला. थोरला त्यानंतर तासाभराने, बॅग घेऊन. निघताना तो बापाच्या पाया पडायला वाकला, तेव्हा मिस्त्री म्हणाला की खांद्याला जपत जा. खांद्याबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता.

साडेआठला मिस्त्रीने जुन्या ठेकेदाराला फोन लावला. आई स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं ते एवढंच: जोडी येणार नाही. एकच येईल. नाही, डावा. पलीकडून ठेकेदार बराच वेळ बोलत राहिला. एकट्या डाव्याचं मी काय करू, असं ठेकेदार म्हणाला असणार. फोन ठेवून मिस्त्री पुन्हा खिडकीशी जाऊन बसला. धाकटा पुन्हा नापास होईल आणि रिकामाच असेल असं धरून तो बोलला, की एकट्याने उभा राहील असं धरून, हे तिने विचारलं नाही.

दहा वाजून गेल्यावर थोरल्या सुनेचा दुकानातून फोन आला. बस सुटली, तो बसमध्ये आहे, त्याला खिडकीची जागा मिळाली.

त्यानंतर मधलीने साइटवरून केंद्रात फोन लावला. मिक्सरच्या आवाजात तिला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून ती जिन्याखाली जाऊन उभी राहिली. तिने जे कळलं ते तसंच घरी आईला सांगितलं. धाकट्याला शेवटचा खण दिला आहे. त्याच्या शेजारचा उमेदवार आलेला नाही, तिकडे कोणी नाही. कोपरा भरून झाला आहे, अजून तपासलेला नाही. डावी भिंत झाली आहे.

"आणि उजवी?" आईने विचारलं.

उजवी अर्धी झाली आहे, मधली म्हणाली. तो अजून आत आहे.